तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं शिकवून टाकलं तर तुम्ही खाणार काय?

प्रदर्शनात, बचतगटाच्या मेळाव्यात, परवा तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न आला. "ताई, तुम्ही बुरुडकाम कुणालाही शिकवता म्हणे. मग उद्या तुमच्याकडं टोपली घ्यायला येणार कोण?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मी "बघू" म्हणते आणि पुढचं वाढून घेते. उत्तर पंगतीत मावण्यासारखं नाही, म्हणून आज बसून लिहिते.

आम्ही बुरुड, बांबूच्या वस्तू विणून विकणारे. माझं माहेर उमरग्याकडचं, सासर लातूर. सूप, दुरडी, रोवळी, कोंबड्या झाकायचं डालगं, तुळजापूरला जाणाऱ्या आराधिणींची परडी, असं सगळं वेळूतून निघतं. आमच्या भागात येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आधीचे पंधरा दिवस खऱ्या कमाईचे. अमावस्येला भज्जी, उंडे, भाकरी घेऊन घरदार शेतात निघतं, आणि डोक्यावरची टोपली त्या दिवशी तरी प्लास्टिकची नको असते.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. बांबू फोडायचा पुरुषांनी, विणायचं बायकांनी. मी आठव्या वर्षी विणायला बसले. भाऊ माझ्याहून लहान, पण कोयती त्याच्या हातात गेली. मी मागितली तर आई म्हणाली, "पोरीच्या जातीला ते नगं." मीही परत मागितली नाही.

लग्नाला बारा वर्षं झाली असतील. ट्रकमधून बांबू उतरवताना ह्यांचं मनगट मोडलं. दारात चाळीस बांबू पडलेले आणि येळवस तीन आठवड्यांवर. ओला बांबू हाताचं ऐकतो. वाळला की फोडताना भलतीकडं फाटतो, मग त्याला पाण्यात घालून मनवत बसावं लागतं. मला सगळी वीण येत होती, पण विणायला लागणारी बांबूची एक पातळ पट्टी, कामटी, काढता येत नव्हती! दिराकडं गेले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कोयती धरली तर लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते माहीत होतं. घरात पीठ किती आहे, तेही माहीत होतं.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे आप्पा राहायचे. नात्यातले नव्हते. त्यांनी मला ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि हाक मारली, "रडूलालीस कामून? ये, कोयती घे." पहिले चार बांबू मी वाया घालवले. पाचव्याला त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बांबूच्या तोंडावर कोयती मधोमध बसवायची, ठोकायची आणि मग हातानं चीर पुढं न्यायची. चीर सरळ जात नाही. एक बाजू पातळ होत जाते, दुसरी जाड. आपलं मन म्हणतं, पातळीला ओढा. आप्पा म्हणाले, "जाडीला वाकव." जाड बाजू वाकवली की चीर तिच्याकडं सरकते आणि परत मधोमध येते. एवढंच. पण हे एवढंच मला वीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्या येळवशीला मी साठ टोपल्या विकल्या, त्यातल्या अर्ध्या वाकड्या होत्या.

म्हणून मी शिकवायला बसले की बाई असो, पोर असो, आधी बांबू फोडायला लावते. विणणं नंतर. सरकारच्या विश्वकर्मा योजनेत, 2023 सालापासून, 18 व्यवसायांत टोपलीवाल्यांचंही नाव आहे. पाच-सात दिवसांचं शिक्षण आणि दिवसाला 500 रुपये मिळतात. चांगलं आहे, नाव तर घेतलं आमचं. पण सात दिवसांत टोपली येते, बांबू येत नाही. कोवळा बांबू वाळला की आकसतो आणि टोपली सैल पडते. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो. हे कळायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर मी काही मरत नाही.

विणायला बसवल्यावर एक गंमत दर वेळी होते. आठ कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या टाकल्या की चहूकडून 16 टोकं निघतात. बाई उत्साहानं विणकामटी फिरवू लागते, एक वर, एक खाली. फेरा पुरा होतो आणि दुसऱ्या फेऱ्यातही कामटी पहिल्याच जागी वर, पहिल्याच जागी खाली! वीण बसतच नाही. ती माझ्याकडं बघते. मी गप्प. मग कुणीतरी मोजतं. एक टोक मधून चिरून दोन केली की 17 होतात आणि दुसरा फेरा आपोआप पहिल्याच्या उलट पडतो. हे मी आधी सांगत नाही. एवढी एक गोष्ट मी लपवते, कबूल.

शिकवण्यातून माझ्याकडंही आलंय. तुराटीची कणगी मला एका कैकाडी मावशीनं शिकवली. तुराट्या आमच्याकडं रानोमाळ, पण आम्ही बुरुड त्यांना हात लावत नव्हतो. ते काम त्यांचं, वेळू आमचा. तिला सुपाचा काठ बांधायला शिकायचा होता. दोघी चार दुपारी तिच्या अंगणात बसलो. आमच्यातल्या एकीनं नाक मुरडलं. आम्ही मेदार केतय्यांचं नाव घेतो. 12 व्या शतकातले, बसवेश्वरांबरोबरचे शरण, म्हणजे शिवभक्त संत, बांबूचं काम करून जगलेले आणि वचनं सांगितलेले. त्यांचं नाव घ्यायचं आणि कैकाडणीच्या अंगणात बसायचं नाही, हे मला जमत नाही.

आता पोटाचं. मी शिकवलेल्या तीसेक जणींपैकी दोघी विकतात. एक तर आठवडी बाजारात माझ्यासमोरच बसते, आणि तिचं सूप माझ्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त असतं. राग येतो, खोटं कशाला सांगू. पण मागच्या उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयानं 200 दुरड्या एका आठवड्यात मागितल्या. मी तिलाच फोन केला. खरं नुकसान केलं ते एका व्यापाऱ्यानं. माझ्या दिव्याच्या टोपलीचे फोटो काढले, "ऑर्डर देतो ताई" म्हणाला आणि दुसरीकडून करवून घेतली. तो शिकायला बसला असता तर मी शिकवलंही असतं.

गिऱ्हाईक प्लास्टिकच्या टोपलीनं नेलं. बांबूची तर वेगळीच अडचण. 1927 च्या वनकायद्यानं तो गवत असून झाड ठरला होता, म्हणून तोडायला-न्यायला परवानगी लागायची. 2017 साली जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातून सोडवलं. आता आमच्या औसा तालुक्यात लोदग्याकडं बांबूची लागवड दिसते. बांधावर वेळू वाढेल, पण तो फोडणारे हात असले तर.

पुढचे वर्ग येळवशीनंतर सुरू करते. यायचं असेल तर कोयती माझ्याकडं आहे. घरून फक्त एक जुनं, फाटकं सूप आणा. पहिल्या दिवशी ते उसवायचं असतं.