शेवंडीपासून भुसभुशीत बर्फापर्यंत: जपानमधले नऊ दिवस

टोकियो, क्योटो, ओसाका तिन्हींना बगल दिली. फेब्रुवारीतले नऊ दिवस दोनच ठिकाणी घालवले: इसे-शिमाचा किनारा आणि उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचं स्कीइंगचं ठिकाण निसेको.

इसे-शिमासाठी नागोयाहून किन्तेत्सू या खासगी रेल्वे कंपनीची 'शिमाकाझे' गाडी घ्या. तिला जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटक पास, चालत नाही. आरक्षण महिनाभर आधी उघडतं, त्याच दिवशी काढा.

इसेच्या देवस्थानात आधी गेकू (बाहेरचं देऊळ), मग नायकू (आतलं देऊळ), असा रिवाज. नायकू सूर्यदेवता अमातेरासूचं. दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर देऊळ नव्याने उभं राहतं. मागचं 2013 ला झालं, पुढचं 2033 ला. सकाळी साडेसहाला नायकूच्या वाटेवरच्या उजी पुलावर आम्ही दोघं आणि झाडू मारणारे एक आजोबा, बस्स. मूर्तीचं दर्शन नाही. वाऱ्याने पांढरा पडदा हलतो, तेवढंच. मला तेवढं पुरलं, नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी आलो?"

रिओकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, खोलीतच गरम पाण्याचं कुंड असलेली खोली घ्या. खिशाला चटका बसतो, पण सामायिक कुंडात कपड्यांशिवाय उतरायचं असतं, आणि आमच्या साहेबांची तयारी नव्हती. ते शाकाहारीही. तसं कळवूनही पहिल्या रात्री सूपमध्ये दाशी निघाली, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. "दाशीसुद्धा नको" हे जपानीत लिहून आठवडाभर आधी पाठवा. मी मात्र इसे-एबीवर, म्हणजे आपल्या शेवंडीवर, ताव मारला.

जड बॅगा ताक्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने थेट निसेकोच्या हॉटेलवर धाडल्या. तीन दिवस हाताशी धरा.

सैबेरियाचा वारा समुद्रावरून ओल उचलतो आणि निसेकोत तांदळाच्या पिठीसारखा बर्फ ओततो. गुलमर्गला स्कीइंग शिकले होते, त्या भरवशावर उतरले आणि दहाव्या मिनिटाला पडले. उठायला हात टेकला तर खांद्यापर्यंत आत! प्रशिक्षकाने दोन्ही काठ्या फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यावर जोर द्यायला लावला. खासगी प्रशिक्षकाचे पैसे तिथेच वसूल झाले. तोही महिनोन्‌महिने आधी ठरवा. डोंगरावरची, आखलेल्या मार्गाबाहेर नेणारी गेटं बंद असतील तर दोरीखालून घुसू नका, हिमस्खलनाचा धोका असतो.

निसेकोसमोरचा 1898 मीटरचा योतेई डोंगर ढगांनी चार दिवस लपवला. दिसला तो परतताना, बसच्या खिडकीतून. न्यू चितोसे विमानतळापर्यंत एरवी तीनेक तास लागतात. बर्फाने आम्हाला पाच लागले, त्यामुळे त्याच दिवशीचं भारताचं विमान धरू नका.