जागा मोजा, यादी स्वतः लिहा: सोलापूरहून मेलबर्नला घर नेताना

जहाजानं सामान पाठवताना पैसे वजनाचे पडत नाहीत, जागेचे पडतात. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की काय न्यायचं आणि काय नाही, यातले निम्मे वाद घरातच मिटतात. विमानाच्या बॅगा भरून भरून आपल्याला किलोत विचार करायची सवय लागलेली असते. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आवराआवर चालू होती तेव्हा येणारा जो तो खलबत्त्याकडं बघून हेच म्हणायचा, "एवढं जड कुठं नेता वो?"

पूर्ण कंटेनर घेत नसाल तर तुमची खोकी इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमधून जातात आणि आकारणी क्युबिक मीटरवर होते. एका क्युबिक मीटरला साधारण एक टनापर्यंत वजन चालतं, घरगुती सामान तिथवर पोचतच नाही. आता तीन जणांचा सोफा घ्या. दोन मीटर लांब, ९० सेंटीमीटर खोल, तितकाच उंच, म्हणजे १.६ क्युबिक मीटर. तेवढ्याच जागेत ४५ बाय ४५ बाय ५० सेंटीमीटरची सोळा खोकी बसतात. सोळा खोक्यांत आमचं अख्खं स्वयंपाकघर आणि मुलाची पुस्तकं मावली असती. सोफा नणंदेकडं गेला, गाद्या आणि कपाट पुतण्याच्या खोलीवर.

खलबत्ता मात्र आला. शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवली की तिचं कूट होतं. कुटल्यावर सुटणारं तेल आणि तो चिकटपणा त्यात येत नाही. शेंगदाणे मेलबर्नच्या भारतीय दुकानांत हवे तेवढे मिळतात, तव्यापासून कुकरपर्यंत बाकीचंही बरंच मिळतं. आपल्या हाताला बसलेला बत्ता मिळत नाही. लोखंडी तवे, पितळी परात, जाड बुडाची पातेली, असं आटोपशीर आणि जड जे जे होतं ते बिनधास्त घेतलं.

भांडी गुंडाळायला आम्ही घरातल्याच चादरी वापरल्या. सोलापुरी चादरीचा जाडपणा या कामाला फार उपयोगी. दोन परातींमध्ये एक घडी, पातेल्याच्या पोटात एक, खोक्याच्या तळाशी दुहेरी. बबल रॅप जागा खातो आणि शेवटी कचऱ्यात जातो, चादर अंगावर येते. फक्त त्या आधी कडकडीत वाळवा. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि आत अडकलेल्या ओलाव्याचं पाणी होऊन छतावरून ठिबकतं. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन यासाठी देणगीच आहे. शक्यतो पावसाळ्यात सामान हलवू नका. सोलापूरहून न्हावा शेवा सुमारे ४०० किलोमीटर. तिथल्या गोदामात माल कंटेनर भरेपर्यंत थांबतो आणि जुलैतली कोकणातली हवा पुठ्ठ्याला मऊ करून टाकते.

आता खरा कष्टाचा भाग. ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. त्यांना काळजी असते ती माती, बिया, धान्य, कीड आणि झाडाच्या सालीची. यात काही वावगं नाही. शेतीवर जगणाऱ्या घरातली मी आहे, बाहेरची एक कीड पिकाचं काय करते हे मला कुणी शिकवायला नको.

आमची घरघंटी न्यायची हे ठरलेलं होतं. तिकडंही वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झचीच आहे, तेव्हा मोटर आहे तशी चालते, प्लग तेवढा तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यायचा. पण वर्षानुवर्षं ज्वारी दळलेल्या घंटीत पीठ कुठं कुठं बसलेलं असतं ते उघडल्याशिवाय कळत नाही. जाळ्या काढल्या, धान्याचं तोंड सुटं केलं, दळणाचा कप्पा उघडला. भिंतीला पिठाचा पिवळट, घट्ट थर होता, नखानं खरवडावा लागणारा. रबराच्या पट्टीखाली मालदांडीचे अख्खे दाणे निघाले. ब्लोअर मारला, जुन्या टूथब्रशनं कोपरे काढले, सुईनं जाळीची भोकं मोकळी केली, ओल्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लोअर मारला. सासरे शेजारी बसून टॉर्च धरत होते. त्यांना दिसलेला दाणा मला दिसत नव्हता.

तशीच मुलाची सायकल. विजापूर रोडच्या पलीकडच्या मोकळ्या रानातली काळी माती टायरच्या खाचांत सिमेंटसारखी बसलेली. पाण्यात भिजवून, काडीनं उकरून, मडगार्ड सोडवून धुतली. क्रिकेटचे बूट, छत्र्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळ्याला तीच आंघोळ.

सागवानी देव्हारा नेता येतो. साल नको, कीड लागलेली नको. खाली भुश्याची बारीक पूड पडत असेल किंवा टाचणीएवढी भोकं दिसत असतील तर तो घरीच राहू द्या. तपासणीत जिवंत कीड निघाली तर धुरी द्या, परत पाठवा किंवा नष्ट करा एवढेच मार्ग उरतात, आणि खर्च आपल्या माथी. सासूबाईंचा जीव केरसुणीत अडकला होता. "नव्या घरात लक्ष्मी लागते गं, तेवढी ने." शिंदीची पानं, त्यांत अडकलेलं बी, धूळ. "आई, ती तिथं पोचणारच नाही," असं सांगून त्यांची समजूत काढली. पूजेच्या डब्यातले तांदूळ, सुपारी आणि नारळही काढून ठेवले. खाण्याचं म्हणाल तर काहीच घालू नका. दीड-दोन महिने बंद कंटेनरमध्ये राहिलेलं लोणचं कुणी खावंही नये.

यादी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, आणि तो पॅकर्सच्या माणसांवर सोडायचा नाही. ती मंडळी घाईत असतात, 'किचन आयटम' असं लिहून टेप मारून मोकळी होतात. अशी मोघम नोंद वाचणाऱ्याला खोकं उघडून बघावंसं वाटणारच. मी वहीत खोक्याच्या क्रमांकासमोर एकेक वस्तू लिहिली. 'खोकं ७: पितळी परात २, लोखंडी तवे ३, वापरलेल्या सुती चादरी ४. खोकं ११: लाकडी पोळपाट १, लाटणं १, धुऊन वाळवलेलं.' तोच क्रमांक खोक्याच्या तीन बाजूंना. लाकूड, बांबू, गवत, कातडं असेल ते ठळक लिहायचं, लपवायचं नाही. अशा वस्तू शेवटच्या खोक्यांत एकत्र ठेवा आणि ती दाराशी लागतील असं सांगा, तपासणीला बाकीचं उचकटावं लागत नाही. सोबत पासपोर्टची प्रत आणि मागून येणाऱ्या सामानासाठीचा ऑस्ट्रेलियाचा बी ५३४ हा फॉर्म लागतो. बारा महिने किंवा जास्त काळ स्वतः वापरलेल्या घरगुती सामानाला तिथं करसवलत मिळते. भेटीसाठी घेतलेल्या कोऱ्या चादरी मी नव्या म्हणूनच, बिलासकट लिहिल्या.

आपल्याकडचा एक कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू येतात, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना तर ७५ वर्षंच पुरतात. आजेसासऱ्यांच्या हातची पोथी आम्ही पानापानाचा फोटो काढून सोलापुरातच ठेवली. तिची जागा तीच आहे असंही मला वाटतं. जुन्या पितळी मूर्तीबद्दल शंका असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी मिळवा.

विमा घ्याच, पण बारीक अक्षरं वाचून. स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या फुटतुटीची भरपाई बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. म्हणून काच आणि चिनी मातीचं सामान पॅकर्सकडून आपल्या डोळ्यांदेखत भरून घेतलं, स्टीलचं आणि कपड्यांचं आम्ही भरलं. किंमत लिहिताना ती वस्तू तिकडं पुन्हा घ्यायला काय पडेल ती लिहायची, इथं घेतली तेव्हाची नाही. लाकडी पेटी वापरली तर ती उष्णतेची प्रक्रिया केलेली हवी. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर अर्धा तास तापवून त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेला असतो, तो स्वतः बघून घ्या.

माल बंदरात उतरला की ठराविक दिवसच गोदामात फुकट राहतो, नंतर दररोज भाडं चढतं. घर मिळायचं असलं तरी तिथला चालू फोन नंबर आणि कागदपत्रं घेणारा माणूस जहाज निघण्याआधी ठरवा. आमच्या वेळी ही जबाबदारी मेलबर्नच्या टार्नीट उपनगरातल्या ओळखीच्या काकांनी घेतली. त्यांच्याकडं यादीची एक प्रत आधीच पाठवलेली असल्यानं तपासणीवाल्यांच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांना तिथल्या तिथं उत्तर देता आलं.