खाऱ्या वाऱ्यातली बाईक: शॅम्पूआधी पाणी बघा

घाटावरच्या गाडीचा मुख्य त्रास धूळ, आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर मीठ. आरे-वारेच्या रस्त्याने रोज जाणारी किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीने खाडी ओलांडणारी गाडी वरून चकचकीत दिसते. पण स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतून, मडगार्डच्या खालून, स्टँडच्या स्प्रिंगपाशी ती गंजत असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाझरू लागतं. पावसाळ्यात आपली आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे पडवीत, कोरड्यात उभी केलेली गाडीसुद्धा जिथे मीठ साचलंय तिथे ओलीच राहते.

मीठ काढायला महागडं काही लागत नाही. ते थंड पाण्यातही सहज विरघळतं, फक्त पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या बोअरचं पाणी आणि मे महिन्यात काही विहिरींचंही पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवली तर मीठ काढण्याऐवजी आपण ते पसरवून ठेवतो. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर चमचाभर पाणी सुकू द्या. पांढरा थर राहिला तर ते पाणी चिखल काढण्यापुरतं वापरा आणि शेवटच्या दोन बादल्या नळाच्या घ्या. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप लावलेलं सर्वांत उत्तम, पण पहिल्या दोन-चार सरींचं सोडून द्या; छपरावर साचलेलं मीठ आणि घाण त्यात उतरते.

इंजिन आणि सायलेन्सर निवायला अर्धा तास द्या. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा. सावलीत धुवा, कारण उन्हात पाणी पुसण्याआधीच सुकून डाग धरतं. सुरुवात खालून करा: दोन्ही मडगार्डच्या आत, स्विंगआर्मखाली, इंजिनच्या पुढच्या बाजूला, फूटरेस्टच्या सांध्यात. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवली असेल तर त्याच दिवशी एवढं तरी कराच. शॅम्पूला रविवारपर्यंत थांबलं तरी चालतं. मासळीचे ट्रे वाहणाऱ्यांनी तर रोजच करावं. बर्फाचं खारट पाणी थेट चेनवर आणि मागच्या रिमवर गळतं.

जांभ्याचा तांबडा चिखल हे वेगळं प्रकरण. त्यातले लोहाचे कण खरखरीत असतात आणि वाळलेला चिखल फडक्याने पुसला की टाकीवर बारीक गोल ओरखडे उठतात. पाणी मारा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, पुन्हा पाणी मारा, हात त्यानंतर. प्रेशर वॉशर वापरलात तर चाकांचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग), स्विच आणि चेन यांच्यावर धार थेट धरू नका. सील धूळ अडवण्यासाठी असतात, अशी धार थोपवण्यासाठी नसतात. आत गेलेलं पाणी ग्रीस बाहेर काढतं आणि महिन्याभराने हँडल वळवताना खटका लागायला लागतो. रेडिएटर असेल तर त्याच्या पातळ पाती वाकतात ते वेगळंच.

आता शॅम्पू. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, तो अॅल्युमिनियमचं इंजिन कव्हर आणि रिम निस्तेज करतो. भांड्यांचं लिक्विड मेण साफ उतरवतं, शिवाय बऱ्याच लिक्विडांना घट्टपणा आणायला चक्क मीठच घातलेलं असतं. म्हणून न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि सोड्यासारखा अल्कलीही नाही असा साधा कार शॅम्पू घ्या. १० लिटरच्या बादलीला २०-३० मिलि बहुतेकदा पुरतो, तरी बाटलीवरचं प्रमाण बघून घ्या. दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी, मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळवायला. टाकीचं मिट आणि चाकांचं फडकं वेगळं ठेवा. फोम गन हवी तर घ्या. फेस बघायला छान वाटतो, त्यापलीकडे बाईकला तिची गरज नाही.

गॅरेजवाले डिझेल मारून धुतात तेव्हा ग्रीस खरंच पटकन निघतं. पण डिझेलने रबराचे बुश फुगतात आणि ते ब्रेक डिस्कवर उडालं तर पॅड वाया जातात. इंजिनवरचा चिकटा काढायला डीग्रीझर आणि जुना रंगाचा ब्रश पुरेसा आहे.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते चेनवर. ओ-रिंगच्या चेनला (कड्यांच्या सांध्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात ती) पेट्रोल लावू नका, रबर खराब होतं. त्यासाठी चेन क्लीनर घ्या किंवा रॉकेल मिळालंच तर ते मऊ ब्रशने लावून लगेच पुसा. तारेचा ब्रश अजिबात नको. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात जातात. चेन पूर्ण सुकल्यावर एसएई ९० गिअर ऑईल किंवा चेन ल्यूब खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांवर सोडा. फिरताना ते आपोआप बाहेर पसरतं. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचं जादा तेल पुसून टाका, नाहीतर वाळू चिकटून त्याची पॉलिशपेपरसारखी पेस्ट होते. कोरड्या मोसमात ५०० किलोमीटरला एकदा पुरतं. पावसाळ्यात मात्र प्रत्येक भिजल्यानंतर. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं आहे, पण त्याच्यावर चेन चालवू नका. त्याची ओशट फिल्म फार पातळ असते.

चेसीला जळकं ऑईल फासायची पद्धत किनाऱ्यावर जुनी आहे. गंज थोडा थांबतो हे खरं, पण त्या तेलात आम्ल आणि काजळी असते, वाळू त्याला चिकटते आणि थेंब मागच्या टायरवर उतरतात. त्यापेक्षा मेणाचा रस्ट प्रोटेक्शन स्प्रे जून लागण्याआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा मारा, डिस्क आणि टायर झाकून. स्टँडच्या पिनला ग्रीस, बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. फोर्कचे (पुढच्या शॉकअप्सचे) चकचकीत पाईप ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. तिथे गंजाचा एक खड्डा पडला की तो ऑईल सील फाडतो.

क्रोमवर गंजाचे ठिपके आलेच तर अॅल्युमिनियम फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. वर मेण लावा. मॅट रंगावर मात्र मेण किंवा पॉलिश नको, चमकदार चट्टे पडतात. टायरला आणि सीटला सिलिकॉनचा स्प्रे मारणाऱ्यांचं काय सांगावं, दोन्ही घसरतात.

धुऊन झाल्यावर सावकाश फिरवून आणा, ब्रेक हलके दाबत, म्हणजे ड्रम आणि डिस्क सुकतात. ओल्या गाडीवर ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो. आंब्याखाली लावली असेल तर चीक आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढा, रंग खातात.

एक जागा बहुतेक जण विसरतात: पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या खाचेतलं पाणी जाण्याचं भोक. तांबड्या मातीने ते बुजलं की पाऊस तिथे साचतो आणि झाकण उघडताच टाकीत उतरतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, मग सकाळी गाडी सुरू होत नाही. भर पावसातून आल्यावर झाकणाची कड कोरडी पुसून घ्या आणि मग उघडून बघा. खाचेत पाणी उभं दिसलं तर ते फडक्याने टिपा, नंतर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी त्या भोकात घालून हळूच पुढेमागे करा. टाकीखालून निघणाऱ्या नळीचं खालचं तोंडही मोकळं करा. नळी कुठे दुमडलेली असेल तर वरून कितीही साफ केलंत तरी पाणी जाणार नाही.