डिबाउन्स लावलं तरी सर्च बॉक्स चुकीचं का दाखवतो

सर्च बॉक्सचं काम आलं की टीममधलं कोणीतरी म्हणतंच, अरे तीनशे मिलिसेकंदांचं डिबाउन्स लाव ना (म्हणजे टायपिंग तेवढा वेळ थांबलं की मगच रिक्वेस्ट पाठवायची), झालं. नाही होत. डिबाउन्सने रिक्वेस्ट कमी जातात एवढंच, ज्या गेल्यात त्यांची उत्तरं कुठल्या क्रमाने येतील ते त्याच्या हातात नाही. युजर "को" टाइप करून जरा थांबला, मग "कोल्हापूर" पूर्ण केलं, गेल्या दोन रिक्वेस्ट. "को"ला ढीगभर रेकॉर्ड सापडतात म्हणून ती रखडते, कोल्हापूरचं उत्तर आधी येऊन दिसतं आणि मग मागून ते "को"वालं येऊन सगळं पुसून कोपरगाव, कोरेगाव, कोथरूड दाखवत बसतं. आपल्याच मशीनवर चालवताना सगळंच पटापट येतं, त्यामुळे हे टेस्टिंगमध्ये सहसा सापडतच नाही.

यावर उपाय ॲबॉर्टकंट्रोलर, म्हणजे चालू रिक्वेस्ट मधेच सोडून द्यायची ब्राउझरमधली सोय. नवी रिक्वेस्ट पाठवण्याआधी जुन्या कंट्रोलरवर ॲबॉर्ट कॉल करायचं, नवा कंट्रोलर बनवायचा आणि त्याचा सिग्नल फेचला (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) द्यायचा. नवाच हां, एकदा ॲबॉर्ट झालेला सिग्नल परत वापरलात तर फेच लगेच रिजेक्ट होतं. रिॲक्ट लायब्ररीत हे ॲबॉर्ट यूजइफेक्टच्या क्लीनअपमध्ये (पुढचा इफेक्ट चालण्याआधी चालणारा कोड) टाकायचं.

गंमत म्हणजे जुन्या एक्सएचआरला (फेचच्या आधीची रिक्वेस्ट पाठवायची पद्धत) ॲबॉर्ट होतं, पण 2015 ला ब्राउझरमध्ये फेच आलं ते याच्याशिवाय! प्रॉमिसच (नंतर येणाऱ्या उत्तरासाठी फेच जे ऑब्जेक्ट देतं ते) रद्द करता यावं असा प्रस्ताव होता, तो 2016 च्या शेवटी मागे घेतला गेला. मग 2017 ला एज 16 आणि फायरफॉक्स 57 मध्ये ॲबॉर्टकंट्रोलर आलं, क्रोममध्ये पुढच्या वर्षी. प्रॉमिसला हात न लावता बाजूने सिग्नल द्यायचा ही आयडिया मला तरी जास्त आवडते, एकच सिग्नल चार फेचना देता येतो, आता तर ॲडइव्हेंटलिसनरलाही (क्लिकसारख्या घटना ऐकणारं फंक्शन) चालतो.

आता खरी डोकेदुखी. ॲबॉर्ट केलं की प्रॉमिस ॲबॉर्टएररने रिजेक्ट होतं, कॅचमध्ये (एरर पकडणारा कोड) ते वेगळं काढलं नाही तर युजरला टाइप करता करता "काहीतरी चुकलं"चे लाल टोस्ट (छोटे पॉपअप मेसेज) दिसतात. आणि लोडर (लोड होतंय दाखवणारं चक्र) जर फायनलीमध्ये (उत्तर येवो की एरर, शेवटी चालणारा कोड) बंद करत असाल तर जुन्या रिक्वेस्टचं फायनली नव्या रिक्वेस्टचा लोडर घालवून टाकतं, म्हणून बंद करण्याआधी हा कंट्रोलर अजून चालूवालाच आहे का ते बघायचं.

पोस्ट रिक्वेस्टवर (सर्व्हरला डेटा पाठवणारी) मात्र हे "रद्द करा" बटण म्हणून वापरू नका राव. ॲबॉर्ट म्हणजे ब्राउझरने ऐकणं सोडलं, सर्व्हरने तोवर ऑर्डर डेटाबेसमध्ये टाकलीही असेल. ती मागे घ्यायला सर्व्हरवर वेगळी सोय लागते.

टाइमआउटसाठी सेटटाइमआउटचा जुगाड नको, ॲबॉर्टसिग्नलवर टाइमआउट मेथड आहे, आणि दोन सिग्नल एकत्र करायला एनी. टाइमआउट झालं तर एररचं नाव टाइमआउटएरर येतं, ते युजरला दाखवा, ॲबॉर्टएरर गपचूप गिळा.