बाथरूमचं दार: आधी दार ठरवा, मग कमोड

बाथरूमचं दार आत उघडावं की बाहेर, हा प्रश्न बहुतेक वेळा सुतार चौकट घेऊन उभा राहतो तेव्हाच पडतो. तोवर कमोडचा पाइप टाकून झालेला असतो, बेसिनची जागा ठरलेली असते. मग "बाकीच्या दारांसारखं आतच उघडू द्या" म्हणून विषय मिटतो. लहान बाथरूममध्ये हा क्रम उलटा हवा.

नकाशावर दाराचा फेरा दाखवणारी पाव वर्तुळाची रेघ कशालाही लागत नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. दार उघडेल का, एवढंच ती रेघ सांगते. खरी अडचण दार लावताना येते. माणूस आत शिरला. आता तो उभा कुठे राहणार आणि पल्ला (दाराची उघडणारी फळी) त्याच्या पोटासमोरून जाणार कसा? पल्ल्याच्या फेऱ्याबाहेर निदान ६०० बाय ६०० मिमी मोकळी जमीन नसेल, तर रोज बेसिनवर रेलून दार लावावं लागतं.

उदाहरणार्थ, १२०० बाय २१०० मिमीचं बाथरूम आणि ७०० मिमीचा पल्ला घ्या. दार अरुंद भिंतीत, कमोड समोरच्या भिंतीला. कमोड साधारण ६८० मिमी पुढे येतो. २१०० मधून ६८० आणि ७०० गेले की ७२० मिमी उरतात, म्हणजे आत उघडणारं दार इथे चालतं. तेच दार लांब भिंतीच्या मधोमध असेल तर उघड्या पल्ल्यापुढे ५०० मिमीच राहतात. चौकटीसह ८२० मिमी धरले तर दोन्ही बाजूंना ६४०-६४० उरतात. त्यातल्या एका बाजूला कमोड बसवला की त्याचं टोक थेट दाराच्या वाटेत येतं, दुसऱ्या बाजूची जागा बेसिन खातं. इथे दार बाहेरच उघडायला हवं, किंवा चौकट कोपऱ्याकडे सरकवायला हवी.

लाद्या बसवण्याआधी हे खडूने काढून बघा. बिजागरीच्या जागी खिळा, त्याला पल्ल्याच्या रुंदीएवढी दोरी, आणि कमोड-बेसिनच्या मापाचे पुठ्ठे जमिनीवर. मग एक मोठा पुठ्ठा पल्ला म्हणून हातात धरून आत शिरा आणि 'दार' लावा. दहा मिनिटांत निकाल लागतो. हँडल मात्र विसरू नका, ते ५० ते ६० मिमी बाहेर येतं. त्यामुळे पल्ला भिंतीला टेकत नाही. त्यामागे टॉवेलचा दांडा लावला तर तो आणखी आधी अडतो. पल्ला ९० अंशांतच थांबला की त्याची जाडी आणि चौकटीची खाच वाटेतून वजा होते, आणि ७०० च्या दारातून ६५० मिमीच्या आसपासच वाट मिळते.

मोकळीक असेल तर बाहेर उघडणारं दार बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण जागेपेक्षा सुरक्षिततेचं आहे. आत कुणी घसरून किंवा चक्कर येऊन पडलं, तर लहान बाथरूममध्ये ते दाराला टेकूनच पडतं, आणि आत उघडणारा पल्ला बाहेरून ढकलता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बांधकाम नियमावलीत याची सोपी कसोटी आहे: कमोड आणि दार यांच्यात १.२ मीटर मोकळी जागा नसेल, तर शौचालयाचं दार बाहेर उघडणारं, सरकतं किंवा बाहेरून सहज काढता येणारं हवं. वरच्या पहिल्या उदाहरणात हे अंतर १४२० मिमी भरतं. उचलून काढता येणाऱ्या बिजागऱ्या लावणार असाल, तर पल्ल्याच्या वर बिजागरीच्या खुंटीपेक्षा जास्त फट सोडा. नाहीतर बंद दार उचललं जाणारच नाही. बाहेरून नाण्याने फिरवता येणारं लॅच प्रत्येक बाथरूमला हवंच, पण त्याने फक्त कडी निघते, वाट मोकळी होत नाही.

बाहेर उघडणाऱ्या दाराची दुखणीही आहेत. ९०० मिमीच्या पॅसेजमध्ये ७०० चा पल्ला उघडला की २०० मिमी उरतात. शेजारचं दार त्याच वेळी उघडलं तर हँडल हँडलवर आदळतं. दिव्याचं बटण बिजागरीच्या बाजूला असेल तर उघड्या पल्ल्याआड जातं. ते कडीच्या बाजूला घ्या. आणि पाणी! पल्ल्याच्या आतल्या बाजूने ओघळणारं पाणी आत न पडता उंबरठ्यावर येऊन बाहेर झिरपतं. म्हणून उंबरठ्याला आतल्या बाजूला उतार द्या.

आत उघडणाऱ्या दाराचा घोळ जमिनीच्या उतारात असतो. पाणी जायची जाळी दाराजवळ असेल तर जमीन आत चढत जाते. १०० ला १ उतार म्हणजे ७०० मिमीमागे ७ मिमी, ८० ला १ म्हणजे जवळपास ९. बंद दाराखाली ५ मिमी फट ठेवून सुतार निघून जातो आणि पल्ला अर्ध्यातच लादीला घासतो. फट मोजायची ती फेऱ्यातल्या सर्वांत उंच लादीपासून. दाराखाली निदान १० ते १२ मिमी ठेवलेली बरी. एक्झॉस्ट फॅनला हवा तिथूनच मिळते. फट अजिबात नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. पल्ला लाकडी असेल तर खालची कड बसवण्याआधीच रंगवून घ्या. ती कुणी रंगवत नाही, आणि फुगते तीच.

सरकतं दार कागदावर छान दिसतं. ७०० च्या वाटेला दोन्हीकडे ४०-५० मिमी झाकण धरून ८०० चा पल्ला आणि सुमारे १६०० चा ट्रॅक लागतो. तेवढ्या भिंतीवर ना बटण, ना खुंटी. कडांना फट राहते, म्हणून वास आणि आवाज बाहेर येतात. पल्ला भिंतीत सरकवायचा तर त्या भिंतीतून पाइप नेता येत नाही. घडीचं दार फेरा निम्म्यावर आणतं, पण दुमडलेली घडी वाटेतच उभी राहते आणि मधल्या बिजागऱ्या सर्वांत आधी सैल होतात. दुसरा इलाजच नसेल तरच घ्या.

बसवलेल्या दाराची दिशा बदलायची असेल तर आधी चौकट बघा. पल्ला अडवणारी पट्टी वरून ठोकलेली असेल तर ती काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. बिजागऱ्यांच्या जुन्या खाचांत लाकडाचे तुकडे सरसाने बसवा, नुसती लांबी (पुट्टी) भरू नका. पट्टीऐवजी पल्ला टेकायची खाच चौकटीतच कोरलेली असेल तर चौकट काढून उलटी बसवावी लागते, आणि तेव्हा आजूबाजूच्या लाद्या फुटतात. नव्या बिजागऱ्या तीन घ्या, स्क्रूही स्टेनलेस स्टीलचेच. बिजागरी स्टेनलेस आणि स्क्रू लोखंडी असले तर आधी स्क्रू गंजतात, आणि पल्ला कडीच्या बाजूला खाली झुकतो.