रिसीव्हरला पैसे द्यायचेच असतील तर आधी द्या

मार्च 2025 मध्ये एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या, बेंगल्स टीमने त्यांच्या रिसीव्हरला (पास पकडणारा खेळाडू) जमार चेसला चार वर्षांचे 161 मिलियन डॉलर दिले तेव्हा ऑफिसमधला एक मित्र डबा खाता खाता म्हणाला, अरे बॉल पकडायचे वर्षाला 40 मिलियन, वेड लागलंय का यांना? मला उलटं वाटतं. जास्त दिले हा प्रॉब्लेमच नाहीये, उशिरा दिले हा आहे.

चेसच्या लायकीबद्दल मला काडीचीही शंका नाही. नोव्हेंबर 2024 ची रेव्हन्सविरुद्धची मॅच आठवा, आपल्याकडे शुक्रवारी सकाळी पावणेसातला सुरू झालेली, मी अर्धी मॅच डोंबिवली फास्टमध्ये दाराशी उभं राहून फोनवर बघितली, कुर्ल्याच्या आसपास नेटवर्क गेलं की जीव खालीवर. पठ्ठ्याने पास पकडून बॉल 264 यार्ड पुढे नेला, तीन टचडाऊन मारले (बॉल समोरच्या टीमच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन), आणि तरी बेंगल्स 35-34 हरले! त्या सीझनला कॅच, यार्ड आणि टचडाऊन तिन्हीत लीगमध्ये हाच पहिला.

आता गणित बघा. चेस 2021 च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड), म्हणजे तीन सीझन झाल्यावर 2024 मध्येच एक्स्टेंशन, म्हणजे करार वाढवणं, करता येत होतं. जूनमध्ये व्हायकिंग्सनी त्यांच्या रिसीव्हरला, जस्टिन जेफरसनला, वर्षाला 35 मिलियनवर साइन केलं, म्हणजे बाजारभाव सगळ्यांसमोर होता. बेंगल्स थांबले, चेसने तो सीझन करून दाखवला आणि भाव गेला 40.25 वर. बेंगल्सच्याच दुसऱ्या रिसीव्हरचं, टी हिगिन्सचंही तेच, 2024 ला फ्रँचायझी टॅग (खेळाडूला एका वर्षाच्या करारावर अडकवून ठेवायची सोय) लावून एक वर्ष ढकललं आणि मग त्यालाही चार वर्षांचे 115 मिलियन. दोघांचे मिळून वर्षाला सरासरी 69.

दुसऱ्या एका टीमने, ईगल्सनी, त्यांच्या दोन रिसीव्हरचं काय केलं? एप्रिल 2024 मध्ये, जेफरसनचा आकडा यायच्या आधीच, डेव्हॉन्टा स्मिथला तीन वर्षांचे 75 आणि ए. जे. ब्राऊनला तीन वर्षांचे 96 देऊन विषय संपवला. वर्षाला 57. चेस या दोघांपेक्षा भारी आहे, मान्य, पण 12 मिलियनचा फरक काही नुसत्या टॅलेंटचा नाही. आणि पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, कोणी जिंकला तर ईगल्सनी, चीफ्सना 40-22 धुवून. सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या पगारखर्चाची वार्षिक मर्यादा, 2024 ला 255.4 मिलियन होती ती 2025 ला 279.2 झाली, त्यामुळे आज महाग वाटणारा करार दोन वर्षांत आपोआप स्वस्त दिसायला लागतो, फक्त सही वेळेत झाली पाहिजे.

आपण आयपीएलवाले इथेच गोंधळतो. मुंबई इंडियन्सनी 2025 च्या ऑक्शनआधी बुमराला 18 कोटींना ठेवलं, तेवढे 18 कोटी 120 कोटींच्या पर्समधून थेट गेले, हिशोब संपला. एनएफएलमध्ये सायनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, खेळाडूच्या हातात लवकर पडतो पण कॅपवर तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून टाकता येतो. काउबॉईजचा रिसीव्हर सीडी लॅम्ब, त्याचा बोनस 38 मिलियन, पाचने भागा, वर्षाला 7.6. म्हणून पहिल्या वर्षी कॅपला फारसं लागत नाही. पण खेळाडू मधेच गेला तर उरलेले हप्ते टीमच्याच डोक्यावर, त्यालाच डेड मनी म्हणतात. फॉर्टीनाइनर्सनी 2025 मध्ये त्यांचा रिसीव्हर डिबो सॅम्युअलला कमांडर्स टीमकडे पाठवलं आणि तो टीममध्ये नसताना कॅपवर 30 मिलियनच्या वर बोजा राहिला. म्हणून मी प्रत्येक रिसीव्हरला पैसे द्या असं म्हणत नाही, ज्याला ठेवायचं पक्कं आहे त्याचं लवकर उरका एवढंच म्हणतोय.

कारण उशिराची किंमत दुसराच कोणीतरी भरतो. बेंगल्सच्या डिफेन्समधल्या ट्रे हेंड्रिक्सनने 2024 मध्ये 17.5 सॅक काढले (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक), लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि त्याला पुढच्या सीझनआधी मिळाली काय तर एका वर्षाची पगारवाढ. वर्षाला ते 12 मिलियन वाचले असते तर मी आधी त्याच्यासमोर कागद ठेवला असता.