सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, व्हीलचेअर आणि पाच वर्षांचं पोर घेऊन जाणार असाल तर

“अक्का, देवळाच्या दारात सोडतो.” स्टेशनवर रिक्षावाला असं म्हणाला, साडेतीनशे घेतले आणि पार्क चौकाच्याही अलीकडे उतरवलं. पुढे पोलिसांचे कठडे. यात्रेत तिथून पुढे गाडी जात नाही हे त्याला आम्ही बसायच्या आधीपासून माहीत होतं. व्हीलचेअर म्हणजे ‘सामान’, तिचे शंभर वेगळे. आठवडा झाला, माझा राग गेलेला नाही. त्या शंभराचा जास्तच आहे. ती खुर्ची म्हणजे माझ्या मुलीचे पाय आहेत.

मोठी अकरा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, चालत नाही, शब्द चार-पाचच. धाकटा पाचचा. माहेर सोलापूरचं, पण आता तिथे घर उरलेलं नाही. लहानपणी पाहिलेले नंदीध्वज, यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, पोरांना दाखवायचेच होते. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून दोघांना घेऊन मी एकटी गेले.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस घ्या. सहाला निघते, दहाच्या सुमारास पोचते. रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवा, मुलाला आणि सोबत्याला चेअर कारमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. ज्या मुलाला पाठ धरता येत नाही त्याला छातीवरून ओढणी घेऊन त्या सीटला बांधावंच लागतं. रुंद सुती ओढणी घ्या, नायलॉनची घसरते.

लॉजवाल्याने फोनवर “खालचीच खोली” म्हणून सांगितलं होतं. खोली खालचीच होती, पण रस्त्यापासून तिथवर पाच पायऱ्या. बाथरूमचं दार बावीस इंच, आमची खुर्ची चोवीस. तीन दिवस मी सव्वीस किलोच्या मुलीला उचलून आत नेलं. “व्हीलचेअर येते का” असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. पायऱ्या किती आणि बाथरूमचं दार किती इंच, एवढंच विचारा आणि दाराला टेप लावलेला फोटो मागवा. जो फोटो पाठवणार नाही त्याच्याकडे जाऊ नका.

आता तो रस्ता. १३ जानेवारी, भोगी, अक्षता सोहळ्याचा, म्हणजे यात्रेतल्या लग्नाचा दिवस. पार्क चौकापासून सिद्धेश्वर मंदिराकडे एरवी दहा-बारा मिनिटांची चाल. आम्हाला पंचावन्न मिनिटं लागली. माणसं वाईट नव्हती, बाराबंदी घातलेले कितीतरी जण बाजूला होऊन वाट देत होते. घात केला तो जमिनीने. पुढची लहान चाकं गटाराच्या जाळीत बसतात, पेव्हर ब्लॉक जिथे खचलेत तिथे बसतात, रस्त्यावर आडव्या टाकलेल्या वायरींना अडतात. चाक अडलं की खुर्ची पुढे कलंडते आणि मूल पट्ट्यावर लोंबकळतं. म्हणून असा रस्ता आला की खुर्ची फिरवा आणि मोठी चाकं पुढे करून उलटी ओढत न्या. लोक बघतात, बघू देत.

एका जाळीत डावं चाक पक्कं अडकलं. ते काढायला मी दोन्ही हात घातले. धाकट्याला खुर्चीचा दांडा धरून चालायचं शिकवलं होतं. मान वर केली तर दांड्यावर हात नाही.

मी ओरडत सुटले. खुर्ची सोडून धावता येत नाही, खुर्ची घेऊन धावता येत नाही. तेवढ्यात मोठी “आं, आं” करायला लागली. मला वाटलं घाबरली, म्हणून तिला गप्प करत होते. ती मान ताठ करून एकाच बाजूला बघत होती. तिच्या उंचीवरून नुसते पायच दिसतात, आणि त्या पायांत तिला त्याचे लाल बूट दिसले होते. पिपाण्यांच्या गाड्याच्या पलीकडे उभा होता. दोन-तीन मिनिटंच गेली असतील. मी तिथेच खाली बसले.

त्यामुळे हे अगदी स्पष्ट सांगते. भोगीला संमती कट्ट्याकडे, जिथे अक्षता पडतात तिथे, एकट्याने दोन मुलं घेऊन जाऊ नका. खुर्ची ढकलणारा एक आणि धाकट्याचा हात धरणारा दुसरा, अशी दोन मोठी माणसं हवीतच. दांडा धरून चालणं गर्दीत उपयोगाचं नाही. मी नंतर त्याचं मनगट माझ्या कमरेला स्टोलने बांधलं, ते जमलं. मुलाला बूट भडक रंगाचे घाला आणि फोन नंबर शर्टाच्या आतून लिहा.

कट्ट्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. लांबूनच लाऊडस्पीकरवर अक्षतांचे मंत्र ऐकू आले. कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामांच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, योगदंडाशी लागतं, ही गोष्ट मी धाकट्याला चालता चालता सांगितली होती. माणसांनी जिथे होते तिथूनच तांदूळ उधळले. मोठी तोंड वर करून खळखळून हसली. रात्री तिच्या खुर्चीच्या गादीच्या शिवणीतून मूठभर तांदूळ निघाले, ते मी पुडीत बांधून आणले.

तुमच्या मुलाला नंदीध्वज दाखवायचे असतील तर भोगीचा आदला दिवस धरा, आमच्या वेळी १२ तारीख होती. त्या दिवशी सातही काठ्या शहरातल्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात. मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या बंद दुकानाचा ओटा सकाळीच गाठा आणि खुर्चीची पाठ शटरला टेकवून ब्रेक लावा. आम्हाला अगदी समोरून दिसले, कमरेच्या पट्ट्यात तोललेली उंच काठी आणि खाली घामेजलेला माणूस. ढकलाढकली काहीच नाही. मला एकटीला जमण्यासारखं हे एकच होतं, तेवढ्यावर थांबायला हवं होतं. १५ च्या रात्रीचं शोभेचं दारूकाम आवाजाने दचकणाऱ्या मुलांसाठी नाही, आम्ही त्याआधीच निघालो.

अक्कलकोट १४ ला केलं. गाडी ठरवून चाळीसेक किलोमीटर, व्यवस्थित झालं. तुळजापूर केलं नाही. तिथे देवीपर्यंत पायऱ्या उतरून जावं लागतं आणि परतताना त्याच चढाव्या लागतात. उचलायला दोन दमदार माणसं नसतील तर बेतच करू नका.

रिक्षाचं भाडं बसण्याआधी ‘खुर्ची धरून’ ठरवा, हे शब्द वापरूनच, आणि “कठडा कुठे लागेल” ते विचारा. परतीची हुतात्मा सकाळी लवकर असते, तेव्हा रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा. मला शेवटच्या दिवशी जे काका मिळाले त्यांनी खुर्ची स्वतः घडी करून मागे बांधली, धाकट्याला पुढे शेजारी बसवलं आणि साठ रुपये घेतले.